विंचू न चढणारी पोर

पोटुशी असताना बाईला विंचू चावला तर तिच्या पोटच्या पोराला जन्मात विंचू चढत नाही, असं आमच्याकडे म्हणत. चावला तरी मुंगी डसल्यासारखं होतं आणि झालं. एवढ्यावर ते थांबत नसे. अशा पोराच्या हातात विंचू उतरवायचा गुण येतो, त्याने दुसऱ्याच्या अंगावरून वरून खाली हात फिरवला की विष पायरीपायरीने उतरतं, असंही म्हणत. कोकणात म्हणा, घाटावर म्हणा, ही समजूत मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. शहरात वाढलेल्या माणसालाही बहुतेक वेळा अशी एखादी आत्या किंवा मामा आठवतो.

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत असं पोर म्हणजे मी. १९६० च्या चैत्रात आईला आठवा महिना होता. गडग्याजवळ रचलेली फाटी उचलताना तिला विंचू लागला. रात्रभर ती ओरडली, सकाळी कळ ओसरली आणि महिन्याभराने माझा जन्म झाला. बारशाला नाव वेगळं ठेवलं, पण वाडीत मी ‘इच्चवाची पोर’. सावित्रीच्या खोऱ्यातल्या चार वाड्यांतून माझ्यासाठी माणूस यायचा. मी चार-पाच वर्षांची असेन, रात्री अंथरुणातून उचलून कांबळ्यात गुंडाळून मला नेत. कुणाचा तरी सुजलेला हात पुढे येई. मी खांद्यापासून बोटापर्यंत हात फिरवायची, शेजारी आजी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची. अघाड्याचं मूळ उगाळून लावत. चिंचोका दगडावर घासून गरम गरम डंखावर चिकटवत, तो विष ओढून घेतो आणि पोट भरलं की आपोआप गळून पडतो म्हणत. सकाळी ज्याचं दुखणं उतरे त्याच्या घरून नारळ, नाहीतर पायली तांदूळ येई. मला एक गूळखडा.

आमच्या भागात दोन विंचू. मोठा काळा, ज्याला आम्ही इंगळी म्हणतो. त्याच्या नांग्या जाड, रूप भयंकर, बघूनच पोटात गोळा यावा. आणि दुसरा तांबडा, दोन-तीन बोटं लांब, नांग्या काटकुळ्या, शेपूट मात्र जाड. दिसायला गरीब. माणसं काळ्याला भीत आणि मरत तांबड्यामुळे. लाल माती, दगडांचे गडगे, कुडाच्या भिंती, पेंढ्याचे माच, शेणींची रास, याच्या राहण्याची सगळी सोय आम्हीच करून ठेवलेली. चैत्र-वैशाखात राबासाठी कवळ तोडायची, गवत ओढायचं, पावसाआधी घर शाकारायचं, म्हणजे त्याच्या घरातच हात घालायचा. पुन्हा भातकापणीला तेच. आणि या कामांना सुट्टी नसते, बाई गरवार असली तरी. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बायका फाटी वाहत, शेणी काढत, आणि ती कामं नेमकी वाकून, न दिसणाऱ्या जागी हात घालून करायची. पुरुष बाहेर उजेडात राबतो, बाईचा हात कोपऱ्यातल्या अंधारात जातो.

माझ्यावर विंचू चढतो की नाही, याचा निकाल १९७१ साली एका विंचवानेच लावला. मी अकरा वर्षांची. पडवीत वळईजवळ झोपले होते, पायाच्या अंगठ्याला आग लागल्यासारखं झालं. मी अशी किंचाळले की गोठ्यातली गुरं उठली. कळ पोटरीतून जांघेपर्यंत चढली, चांगली चढली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तळमळत होते. आजी उशाशी बसून होती. कळ ओसरल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, “बाय, ह्यो कुणाला बोलू नकोस हां.” मी बोलले. पण कुणी मनावर घेतलं नाही. म्हातारी माणसं म्हणाली, अमावास्येचा असंल, नायतर दोन लागले असतील. समजुतीला मोडायला एक विंचू पुरत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आता या समजुतीला पाय कुठून फुटले, तेही सांगते. विंचू चावलेल्या दहातल्या बहुतेक माणसांना नुसती कळ लागते. भयंकर कळ, पण कळच. ती काही तासांनी, फार तर दिवसाभराने, काहीही न करता उतरते. म्हणजे चिंचोका लावा, हात फिरवा, नाथांचं विंचवाचं भारूड म्हणा, माणूस उठणारच. नारळ ज्याचा त्याला. पण थोड्या जणांत विष अंगभर पसरतं आणि तिथे उलटा प्रकार होतो. त्यांना डंखाच्या जागी कळ फारशी राहत नाही. घाम फुटतो, वांत्या होतात, लाळ सुटते, हातपाय गार पडतात. बघणाऱ्याला वाटतं, कळ थांबली म्हणजे विंचू उतरला, घाम आला म्हणजे विष बाहेर पडतंय. ज्या खुणांनी माणूस दचकायला हवा त्याच खुणा बघून घरचे निश्चिंत होऊन भाकरी खायला बसत.

गरवार बाईच्या बाबतीत याच्यावर आणखी एक पडदा असे. वांती झाली तर ती पोटुशीपणाची. पोटात दुखलं तर त्या कळा. आणि वर ते पोराच्या नशिबाचं. बाईला विंचू लागला की वाडीतल्या बायका हळहळत, पण एखादी म्हणेच, “जाऊ दे, पोर तरी सुटलं जन्माचं.”

१९७८ च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या वहिनीला सहावा होता. भाऊ मुंबईला गिरणीत. तिन्हीसांजा झाल्या, चुलीला घालायला शेणी आणायला ती मागल्या दारी गेली आणि हात झटकत आली. उजव्या हाताचं मधलं बोट. विंचू तांबडा, ती बोलली तसं, पण तो मारायला कुणाला सापडला नाही. तिला माजघरात बसवलं आणि मला हाक मारली. मी अठरा वर्षांची, लग्न ठरलेलं. मी बोलले की माझ्या हातात काही नाही, तालुक्याला न्या. चुलता म्हणाला, “तू तुजा हात धर, बाकीचं आमी बगतो.” धरला.

तासाभरात ती म्हणाली, बोट दुखायचं थांबलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग तिला दोनदा उलटी झाली. लुगडं घामाने असं भिजलं की पिळून घ्यावं. मी तिचा हात धरून होते, तो हात गार होत गेला, आधी बोटं, मग मनगट, कोपरापर्यंत. मी आजीला सांगितलं. आजीने स्वतः हात लावून पाहिला, ती काही बोलली नाही. सुईणीला बोलावणं गेलं. तिने पोटाला हात लावला आणि म्हणाली, पोट दगडावानी घट्ट झालंय, कळा सुरू हायत. सहाव्या महिन्यात! मग सगळं घर त्या कळांच्या मागे लागलं. गरम पाणी, तेल, जुन्या लुगड्याच्या चिंध्या. विंचू कुणाच्या ध्यानातही राहिला नाही.

मध्यरात्री ती आडवी पडेना. उठून बसली, भिंतीला टेकून, श्वास पुरत नाही म्हणाली. खोकला लागला आणि तोंडातून गुलाबी फेस आला. तेव्हा पुरुषांनी कांबळ्याची डोली केली. डांबरी रस्ता तीन कोसांवर. नदीपाशी पोचायच्या आत ती गेली. पोर पोटातच.

पोलीस पाटलाच्या वहीत कारण लागलं ‘बाळंतपण’. मुद्दाम कुणी खोटं लिहिलं असं नाही, घरच्यांनी तसंच सांगितलं होतं. पण म्हणूनच मला वाटतं, विंचवाने किती गरवार बाया नेल्या याचा जुन्या वह्यांतून अंदाज निघायचा नाही. त्या बाळंतपणाच्या खात्यात जमा आहेत.

त्या रात्री वहिनीच्या अंगात काय चाललं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तांबड्या विंचवाचं विष नसांवर काम करतं. नसांतून निरोप जाण्याची जी दारं असतात ती विषामुळे उघडीच राहतात, आणि अंगात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. गुलाबी फेस तो. गरवार बाईचं हृदय आधीच जास्तीचं काम करत असतं, तिच्या अंगातलं रक्त नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट झालेलं असतं. त्यात हा भार. शिवाय वाहिन्या आवळतात त्यात गर्भाशयाकडे जाणाऱ्याही आल्या. म्हणजे बाळाचा वारा तुटतो. गर्भाशयही आकसू लागतं. सुईणीच्या हाताला लागलं ते खोटं नव्हतं, पोट खरंच घट्ट झालं होतं, पण ते बाळंतपण नव्हतं, विंचू होता. ट्युनिशियातल्या शास्त्रज्ञांनी तिकडच्या विंचवाचं विष उंदरांच्या माद्यांवर तपासलं, तेव्हा गर्भाशयाचं आकुंचन वाढलेलं त्यांना दिसलं. आमच्या सुईणीने ते बोटांनी पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता.

आणि याच काळात, आमच्यापासून काही कोसांवर, हा अर्थ लावायचं काम चालू झालेलं होतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचवाचे रोगी डोळ्यांदेखत मरताना पाहून ते प्रत्येक रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवू लागले, घाम कधी आला, नाडी किती, हातपाय केव्हा गार झाले. १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत आला. कोणत्या खुणा दिसल्या की पुढे हृदयावर बेतणार, हे त्यात होतं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिन ही गोळी वापरायला सुरुवात केली. ही गोळी काही विंचवासाठी निघालेली नव्हती, रक्तदाबाची होती. आवळलेल्या वाहिन्या ती सैल करते, म्हणजे विष जे करतं त्याच्या नेमकं उलट. १९८६ साली त्याबद्दलही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आधी अंगभर विष भिनलेल्या शंभरातले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण पुढे एक-दोनांवर आलं. नंतर विंचवाची लसही निघाली. २०११ साली महाडला सत्तर रोग्यांवर त्यांनी तुलना करून दाखवली, नुसत्या गोळीने बरं व्हायला सरासरी साडेसतरा तासांच्या वर लागत, गोळी आणि लस दोन्ही दिली तर दहा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या यंत्राने यातलं काही झालेलं नाही. रोग्याचा हात हातात धरून बसायचं, एवढंच पहिलं काम होतं. तेच मीही लहानपणी करत होते असं कधी मनात येतं, पण माझ्या हाताला बघायचं काय हे ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर मी त्याच तालुक्यात राहिले आणि १९८५ साली अंगणवाडी सेविका झाले. केंद्रावरच्या मासिक बैठकीत डॉक्टर एकदा विंचवाबद्दल बोलले. पोलिओ, लोहाच्या गोळ्या, वजनाचा तक्ता हे सगळं झाल्यावर, चहाच्या आधी पाच मिनिटं. ते म्हणाले, दुखतंय म्हणून ओरडतोय त्याला फार भिऊ नका, दुखायचं थांबलं आणि गार पडला त्याला घेऊन धावा. मी पेन खाली ठेवलं. सात वर्षांनी कुणीतरी वहिनीबद्दल बोलत होतं.

१९८७ च्या चैत्रात शेजारच्या आळीतल्या सुनेला राबाच्या जागी विंचू लागला. आठवा महिना. माझी कीर्ती इकडे सासरीही पोचलेली होती, तिची सासू धावत आली, “बाय, चल, हात लाव.” मी गेले आणि हात लावला. गार. कपाळावर घाम. दोन उलट्या झालेल्या. बोट दुखतंय का विचारलं तर म्हणाली, आता नाय तेवढं. मी सासूला सांगितलं, जीप बोलवा. सासू म्हणाली, उतरतोय की, उद्या बघू. जीपवाला शंभर रुपये मागत होता आणि शंभर रुपये ही तेव्हा थट्टा नव्हती. सासरा उंबऱ्यावर बसून हिशेब करत होता. मी त्याला हिशेब घातला नाही, माझ्या वहिनीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, गुलाबी फेसापर्यंत. ती पुरी व्हायच्या आत तो उठून जीपवाल्याकडे गेला.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला डाव्या कुशीवर निजवलं, पोटाचा भार मागच्या मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून. नळीने ऑक्सिजन लावला. गोळी दिली आणि सक्त ताकीद, उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही, कारण पहिल्या गोळीने दाब एकदम खाली येऊन भोवळ येते. मग दर तीन तासांनी गोळी. नर्स दाब मोजायची, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायची. पोटाचं घट्टपण पहाटेपर्यंत राहिलं. सासू भिंतीला टेकून जप करत होती, मी बाकड्यावर. सकाळी हातपाय ऊन झाले. दुपारी ती एकाएकी ओरडायला लागली, बोट जळतंय, बोट जळतंय. सासू घाबरून डॉक्टरांकडे धावली. डॉक्टर आले, बोट पाहिलं आणि हसले. म्हणाले, आता जगली. कळ परत आली की विष हरलं समजायचं. त्या म्हातारीला ते काही केल्या पटेना. पोरगी सुखाची होती तेव्हा हे घाबरत होते आणि रडतेय तर हसतायत!

पाच आठवड्यांनी मुलगी झाली. वजन बेताचं, पण रडणं खणखणीत. माझ्या तक्त्यावर पहिले सहा महिने ती पिवळ्या पट्ट्यात होती, मग वर आली.

सगळ्याच बाया इतक्या गंभीर होत नाहीत, हेही सांगायला हवं. माझ्या नोकरीत गरवारपणी विंचू लागलेल्या अकरा जणी मी पाहिल्या. आठ जणींना नुसती कळ. त्यांना दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं, बाळाचे ठोके बघितले आणि घरी पाठवलं. अंग गार पडलेल्या तिघी. त्यातल्या एकीचं मूल दोन दिवसांनी पोटातच गेलं, ती स्वतः वाचली. उशीर झाला होता, पूर आला होता, कुणाला काय बोलणार. डॉक्टरी पुस्तकांतही अशा बायांच्या नोंदी थोड्याच आहेत, एकेकीच्या सुट्या हकिकती. एक गोष्ट मात्र त्यांतून निघते, आई लवकर सावरली तर बाळही बहुतेक सावरतं.

राहता राहिला जन्मभराच्या संरक्षणाचा प्रश्न. मी तो डॉक्टरांना विचारला होता, कारण माझा जन्मच त्यात अडकलेला. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी काही द्रव्यं बाळाकडे जातात हे खरं, पण ती काही महिने टिकतात. एका डंखाने आईच्याच अंगात विंचवाविरुद्ध पुरेसं काही तयार होतं असं नाही, मग पोराला आयुष्यभर कुठून पुरणार. मी म्हटलं, मला अकराव्या वर्षीच कळलं होतं ते.

ती मुलगी सात-आठ वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. रात्री वरच्या वाडीतली माणसं कंदील घेऊन तिच्या दारात आली, बाप्याला विंचू लागलाय, पोरीला पाठवा, ती पोटात असताना आयेला लागला होता ना. तिची आई दारातच उभी राहिली. पोर आत झोपलेली. तिने विचारलं, “दुखतंय का त्याला?” माणसं म्हणाली, मघाशी लय दुखत व्हतं, आता शांत पडलाय. तिने पुन्हा विचारलं, “हातपाय गार हायत?” कुणाला सांगता येईना. तेव्हा तिने पायांत चपला घातल्या, पोरीच्या अंगावर वाकळ सारखी केली आणि कंदीलवाल्यांना मागे टाकून जीपवाल्याच्या घराकडे निघाली.